ओढलेली दोरी

द्रोणाचार्यांनी शिष्यांच्या परीक्षेसाठी वृक्षाच्या शेंड्यावर जो पक्षी बसविला, तो कारागिरांकडून मुद्दाम घडवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता, या गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वृक्ष दिसत नाही, गुरुबंधू दिसत नाहीत, केवळ पक्ष्याचे मस्तक (कीर्तनकारांच्या तोंडी डोळा) दिसते, असे सांगणारा अर्जुन आपल्याकडे एकाग्रतेचा आदर्श ठरला. परंतु ज्याला वेदना नाही अशा लक्ष्यासाठी पुरेशी असलेली ही एकाग्रता सजीव लक्ष्यासाठीही पुरते काय, हा प्रश्न मला अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात, भाच्याच्या परसदारी बसून पडला.

त्याने शिकारीचा परवाना काढला होता आणि फोमच्या हरणावर वीस यार्डांवरून नेम धरण्याचा त्याचा सराव चालला होता. हातातले धनुष्य कंपाउंड जातीचे. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी शोधलेल्या आणि १९६९ च्या अखेरीस एकस्व मिळालेल्या या धनुष्याच्या दोन्ही टोकांना विकेंद्री चाके असतात. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते, आणि म्हणून पूर्ण ताणाच्या क्षणी हातच बाण सोडण्याची घाई करतो. या धनुष्यात मात्र मधला चढ ओलांडला की चाके फिरून भार उतरतो, आणि साठ पौंडांच्या धनुष्याला ऐंशी टक्के सवलत असेल तर हातावर बाराच पौंड उरतात. यंत्राने मनुष्याला बळ दिले असे सर्वजण म्हणतात. मला वाटते, त्याने मुदत दिली.

त्या मुदतीत पाहावयाचे पुष्कळ असते. प्राणी आडवा उभा आहे की किंचित पाठमोरा, मध्ये फांदी आहे काय, त्याच्या पलीकडे काय आहे, हे सारे पाहावे लागते. बाणाने बहुधा मृत्यू येतो तो धक्क्याने नव्हे, पात्याने केलेल्या जखमेतून रक्त वाहून. म्हणून हृदय व फुप्फुसे यांखेरीज अन्यत्र नेम धरणे म्हणजे त्या जीवाला रानात दीर्घ यातनेत सोडणे होय. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या आधी हरणाच्या कानी पोहोचतो आणि ते दचकून खाली दबते. म्हणजे ज्याने केवळ मस्तक पाहावयाचे, त्या अर्जुनाची विद्या येथे अपुरी पडते. दशरथाची तर घातकच ठरते. शरयूतीरी शब्दावरून सोडलेला त्याचा बाण अचूक लागला, हीच त्या कथेतील भीषणता आहे.

कौशल्याने यातना कमी होते, हे मला मान्य आहे. पापही कमी होते काय? माझ्या मते नाही. परंतु हा निवाडा देण्याची मुखत्यारी मला कोणी दिली, अशी शंकाही लगेच येते. महाभारतातील धर्मव्याध मांस विकतो, पण आपण स्वतः वध करीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, असे सांगतो. रविवारी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहणारा मी त्याच्याही एक पायरी दूर आहे, आणि ते अंतर माझ्या निष्पापतेचे नव्हे, सोयीचे आहे. भाच्याने निदान ते अंतर वीस यार्डांवर आणले होते.

सप्टेंबरात हंगाम उघडला. पहिल्याच आठवड्यात झाडावरच्या बैठकीखाली पांढऱ्या शेपटीची एक हरिणी आली. त्याने दोरी ओढली, आणि तिच्या खांद्यावरून एक बारीक डहाळी आडवी गेलेली त्याला दिसली. ती पुढे सरकेल म्हणून तो थांबला. ती सरकली नाही. तेव्हा त्याने बाण न सोडता दोरी परत नेली. हे काम दिसते तितके सोपे नसते: चाके उलटी फिरताच उतरलेला सारा भार एकदम हातावर परत येतो आणि दोरी पुढे हिसका मारते, म्हणून त्याचाही निराळा सराव करावा लागतो. संध्याकाळी चहा घेताना तो उजवा खांदा चोळत होता.

"लागलं का रे?" मी विचारले.

"नाही मामा," तो म्हणाला, "सोडला असता तर दुखला नसता."