शिपायाकडील ठेव

आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. बंदोबस्तावरील शिपायास अशा ठिकाणी लोकांची किती गुपिते कळत असतील! वार्ताहराने विचारल्यास त्याने ती सांगावी काय?

१९६६ च्या कायद्याने, कर्तव्याचा प्रामाणिक भाग अथवा निव्वळ वाङ्मय, कला व शास्त्र यांपुरते लेखन वगळता, परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलण्यास पोलिसास मनाई केली आहे. (कविता छापण्यास मोकळीक आहे, याची आम्हांस मौज वाटते.) परंतु हे मौन पाळावयाचे कोणासाठी? केवळ वरिष्ठांसाठी असेल तर ती नुसती चाकरी झाली. वरिष्ठांचा अपराध झाकणे तर त्याहून वाईट. न्यायालयापुढे त्याने बोललेच पाहिजे.

२०१९ च्या नोव्हेंबरात शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात एका गरीब स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. खरे नाव झाकण्यासाठी तिला ‘समता’ म्हटले गेले. ३० जानेवारी २०२० रोजी आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने तिघांस फाशीची शिक्षा सुनावली. २०१९ च्या त्याच नोव्हेंबरात हैदराबादेजवळ बळी पडलेल्या ‘दिशा’चे खरे नाव व छायाचित्र मात्र मोबाइलवरून घरोघर पोचले होते. ते कोणते न्यायालय परत आणणार? देवस्थानच्या विश्वस्ताकडे भाविकाने दागिना ठेवावा, तसे ते नाव होते.

आता शिपायाचे स्वतःचे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो गणवेशाबरोबर खुंटीला टांगला जात नाही. तरीही रागावलेला जमाव प्रथम त्याच्या मुलाबाळांचीच छायाचित्रे हुडकतो, आणि त्या जमावात आम्हीही असतो.