नदी बाटते का?

मराठवाड्यातला जुना माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. ‘गंगेला जाऊन आलो’ असे त्याने सांगितले तर तो काशीहून नव्हे, नांदेडच्या नाहीतर राहेरच्या घाटावरून आलेला असतो. या एका शब्दात एक अख्खी श्रद्धा आहे: जे पाणी सगळ्यांचा मळ धुते त्याला स्वतःला मळ लागत नाही. गंगा बाटत नाही. सोमवती अमावास्येच्या किंवा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घाटावर जे उरते, म्हणजे फुगलेल्या कॅरीबॅगा, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी, अस्थींबरोबर सोडलेले मृताचे कपडे, ओटीचे प्लास्टिकबंद खण, ते केवळ आळशीपणाने साचलेले नाही. त्यामागे ही श्रद्धा आहे. ‘घाण करू नका’ हा महापालिकेचा फलक म्हणूनच निष्प्रभ ठरतो. यात्रेकरूच्या हिशोबी तो घाण करतच नसतो, तो अर्पण करत असतो. तेव्हा प्रश्न त्याच्याच भाषेत विचारला पाहिजे: नदी बाटते का?

शास्त्रे याचे उत्तर देतात आणि ते बहुतेकांना ठाऊक असलेल्या उत्तरासारखे नाही. मनुस्मृतीचा चौथा अध्याय पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष टाकायला मनाई करतो. पाचव्या अध्यायात नदी आपल्या वेगाने शुद्ध होते असे म्हटले आहे. याचा अर्थ दोन गोष्टी गृहीत आहेत. नदी अशुद्ध होऊ शकते, आणि तिची शुद्धी प्रवाहावर अवलंबून आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरी बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात पाणी जागच्या जागी उभे असते, तिथे हा वेग आणायचा कुठून? सोळाव्या शतकातला बंगालचा निबंधकार रघुनंदन गंगेच्या ठायी वर्ज्य अशा तेरा कृत्यांची यादी देतो. तीत शौच आहे, अंगाचा मळ चोळून काढणे आहे, आणि त्याच ओळीत निर्माल्य टाकणे, वस्त्र सोडणे, पाण्यात खेळणे हेही आहे. आज आपण ज्याला परंपरा म्हणून जपतो त्यातले बरेच काही परंपरेने पाचशे वर्षांपूर्वीच निषिद्ध ठरवलेले होते.

मनुस्मृतीचा दाखला महाराष्ट्रात सहज देता येत नाही, आणि तसेच असायला हवे. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तर गावातल्या सवर्णांनी पंचगव्याचे घडे ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. ‘पाणी बाटत नाही’ म्हणणारा समाज ही घटना सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. पाणी बाटते असे आपण मानत आलोच आहोत, मात्र माणसाच्या स्पर्शाने. शेणमूत ओतल्याने ते शुद्ध होते असेही. बाटणे हा शब्द पाण्याची अवस्था कधी सांगतच नव्हता, तो माणसांची उतरंड सांगत होता. तो विटाळाच्या खात्यातला शब्द आहे, आणि घाटाचा विचार करायला निरुपयोगी आहे. त्याच्या जागी साधा शब्द घ्यावा: नदी घाण होते. ती घाण होते तेव्हा ती साफ करणारे हात कुणाचे असतात, हेही लगेच विचारावे. पर्वणीचे पुण्य स्नान करणाऱ्याच्या पदरी पडते आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा ठरावीक वस्त्यांतून येणाऱ्या कामगारांच्या टोपलीत. पुण्याची अशी विभागणी कोणत्या धर्माला मान्य व्हावी?

‘विसर्जन’ या शब्दाकडेही नीट पाहायला हवे. देवतेला बोलावायचे, पूजायचे आणि निरोप द्यायचा. मातीची मूर्ती विरते, झेंडूचे फूल कुजते, द्रोणातली पणती विझून पानासकट जाते, म्हणून तो निरोप खरा होता. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरत नाही. पाणी ओसरले की तिचे हात-पाय गाळात वर येतात आणि भक्त दुसरीकडे पाहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये अशा मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचनेची वाट पाहण्याची गरज खरे तर नव्हती. जे विरत नाही त्याचा निरोप पुरा झालेला नाही. हे पर्यावरणवाद्याचे नव्हे, पूजाविधीचेच तर्कशास्त्र आहे.

आणि कचऱ्याचा प्रश्न गर्दीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीला तीनशेच्या आसपास माणसे मेली, त्या चेंगराचेंगरीत फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांचा वाटा होता. नाशिकच्या कुंभात २७ ऑगस्ट २००३ रोजी ३९ जण गेले. त्याच गोदावरीवर राजमहेंद्रीला १४ जुलै २०१५ रोजी, पुष्करम या स्नानपर्वाच्या पहिल्याच सकाळी, २७ जणांचा जीव गेला. पुष्करम बारा दिवसांचा असतो आणि बाराही दिवस पुण्यकारक मानले आहेत, तरी पहिलाच दिवस आणि एकच घाट सगळ्यांना हवा होता. मुहूर्ताची ही ओढ शास्त्रापेक्षा स्पर्धेची अधिक आहे. नांदेडला तर आणखी एक योग जुळतो. गणेशविसर्जन आणि पितृपक्ष येतात भाद्रपदात, म्हणजे जायकवाडी, येलदरी भरत आलेली असतात तेव्हा. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की खालच्या घाटांवर पाणी पाहता पाहता चढते, आणि वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. अशा दिवशी होमगार्ड ‘मागे व्हा’ म्हणतो तेव्हा तो श्रद्धेच्या आड येत नसतो. ज्याचे स्नान झाले त्याने पायरी मोकळी करणे, हा माझ्या मते स्नानविधीचाच शेवटचा भाग मानला पाहिजे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नाल्यांचा आहे. शहराचे सांडपाणी बारा महिने नदीत जाते, मग वर्षातून चार दिवस येणाऱ्या भाविकालाच का धरता? आक्षेप खरा आहे. प्रमाण पाहिले तर निर्माल्यापेक्षा सांडपाण्याचा दोष कितीतरी मोठा, आणि त्याचे उत्तर महापालिकेने व शासनाने द्यायचे आहे. पण ‘नदी सगळे पोटात घेते’ हा समज भाविकापुरता राहत नाही. तो अभियंत्याच्या आराखड्यात उतरतो, नगरसेवकाच्या अंदाजपत्रकात उतरतो. नाला नदीत सोडणारा आणि पिशवी नदीत सोडणारा, दोघे एकाच कल्पनेचा आधार घेतात. दुसरा आक्षेप संतांच्या नावाने येतो: मन शुद्ध नसेल तर तीर्थस्नान व्यर्थ, मग घाटाची एवढी चिंता कशाला? नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी ज्यांचे नाव जोडले आहे आणि ज्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव, आणि गुरू नानक, दोघांनीही केवळ बाह्य स्नानावर विश्वास ठेवला नाही. मात्र त्यांनी स्नान गौण ठरवले, शेजारचा माणूस नव्हे. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबात आजही रोज गोदावरीचे पाणी घागरीने नेले जाते, आणि तिथेच आलेल्यांचे जोडे सांभाळणे, फरशी पुसणे ही सेवा समजली जाते. ती करणारा मोठा बागायतदारही असतो. स्वच्छता जातीला न चिकटवता धर्मात कशी आणता येते, याचे उदाहरण घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घाटावर मात्र ते पोहोचलेले नाही.

निर्बंध आले की श्रद्धा दुखावते, असेही म्हणतात. लातूरचा अनुभव उलटा आहे. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. २०१९ च्या गणेशोत्सवात बुडवायला पाणीच नव्हते, म्हणून मूर्ती गोळा करण्यात आल्या. कुणाचा गणपती त्यामुळे कोपला नाही. जी गोष्ट टंचाईत चालते ती भरल्या नदीला का चालू नये?

लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी पुढे कंदकुर्तीला मिळतात. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात, आणि विसर्जन व पितृपक्ष याच काळात येतात. नांदेडच्या घाटावर सोडलेले त्या दरवाजांतून खाली तेलंगणातल्या बासरला जाते. सरस्वतीच्या दर्शनाआधी लोक तिथे त्याच पाण्यात स्नान करतात.