एका शब्दाची शिक्षा

मित्राची चूक पोटात घालावी, हा संस्कार आपणा सर्वांवर लहानपणापासून झालेला असतो. चूक दाखवणारा तो परीक्षक आणि चूक गिळणारा तो मित्र, अशी आपली ढोबळ विभागणी असते. माझीही होती. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन जबलपूरला आलो आणि येथे जडलेल्या एका स्नेहाने ती मोडून काढली.

हिंदी मुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा एक मोठा भ्रम असतो. आपल्याला हिंदी येते, असे तो समजतो. लिपी एक, संस्कृत शब्द सारखे, चित्रपट बालपणापासून पाहिलेले. मग शिकायचे काय उरले? तमिळ प्रदेशात गेलेला आपला बांधव निदान भाजीबाजारात तरी नम्र होतो. आपण मात्र येथे पहिल्या दिवसापासून अस्खलित बोलू लागतो, आणि निवृत्तीच्या समारंभातही ‘मेरा आवाज’ म्हणतो. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी आहे, आत्माही स्त्रीलिंगी आहे, हे आपल्या गावीही नसते. जबलपूरचे लोक सभ्य. ते ऐकून घेतात. या शहराशी आपला संबंध तसा जुना. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. आपण येथे आधी राज्यकर्ते म्हणून आलो, मग कारकून म्हणून. शिकाऊ म्हणून आलेले थोडेच.

त्या थोड्यांत माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला १८७१ साली जन्मलेल्या या मराठीभाषी गृहस्थाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले आणि आयुष्य हिंदीला वाहिले. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत निघाले, ते हिंदी वाचकांच्या हाती दिले सप्र्यांनीच. माझ्या मैत्रीचा आरंभही त्याच ग्रंथापासून झाला. आमच्या कार्यालयाच्या हिशेब शाखेत माझ्याहून दहाबारा वर्षांनी वडील असे एक सहकारी आहेत. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळची हिंदी ‘गीतारहस्या’ची जीर्ण प्रत आहे. एकदा डबा खाता खाता त्यांनी मला विचारले, “भैया, मूळ मराठीत हे वाचायला काय करावे लागेल?” मी म्हणालो, “मराठी शिकावी लागेल.” ते म्हणाले, “मग शिकवा. त्याबदल्यात काय घ्याल?”

मी बुंदेली मागितली. हिंदी नको म्हणालो, कारण ती मला येते असा माझा समज होता! बुंदेली हवी होती ती त्यांच्या वृद्ध आईंमुळे. पहिल्या भेटीत त्या माझ्याकडे पाहून “काय, भैया?” म्हणाल्या, तेव्हा मला वाटले, ही माउली मराठीच बोलते आहे. मी ‘काय’चे उत्तर देऊ लागलो. बुंदेलीत तो शब्द ‘का’ विचारण्यासाठीही येतो, आणि त्या मला मी अजून चहा का घेतला नाही हे विचारत होत्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर एक तास, अर्धा तुमचा, अर्धा माझा, असे ठरले. त्यांनी एकच अट घातली: एकही चूक सोडायची नाही. त्यांनी ती निष्ठुरपणे पाळली. ग्वारीघाटावर नर्मदेची आरती चालू असताना, चार लोकांदेखत, माझे लिंग आणि वचन दुरुस्त करायला ते कचरले नाहीत. माझ्या हिंदीचा अहंकार पहिल्या सहा महिन्यांतच नर्मदार्पण झाला.

अशा देवघेवीतून मैत्री कशी जुळते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १९३० च्या सत्याग्रहात साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे दाक्षिणात्य सोबत्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले, ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले, आणि पुढे आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तेथे सगळेच कैदी होते. कोणी यजमान नव्हता आणि कोणी पाहुणाही नव्हता. परक्याची भाषा बोलताना पदवीधर माणूस चार वर्षांचे मूल होतो. एकानेच मूल व्हायचे आणि दुसऱ्याने नेहमी मोठे राहायचे, तर ती शिकवणी झाली. दोघांनी आळीपाळीने मूल व्हायचे कबूल केले तरच मैत्री. आम्हा कारकुनांना हे समजायला सोपे जावे, कारण आमच्या मसुद्यावर रोजच कोणाची तरी लाल शाई चालते. परंतु साहेबाची दुरुस्ती हा त्याचा अधिकार असतो. मित्राची दुरुस्ती हे त्याचे आपल्याकडे असलेले देणे.

हे मी आज लिहितो आहे. पण प्रत्यक्षात ते देणे मीच बुडवले.

तीन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझे वडील वारले. दहाव्या दिवशी जबलपूरहून पत्र आले. पूर्ण मराठीत, स्वहस्ताने लिहिलेले. त्यात एक वाक्य होते: “आपल्या वडिलांनी आपल्याला उत्तम शिक्षा दिली. ती आपल्यापासून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे वाचकांना सांगायला नको. माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांच्या छडीचे वळ मी अंगावर वागवले आहेत. सुतकाच्या त्या दिवसांत मी प्रथम हसलो तो त्या वाक्यावर, आणि प्रथम मोकळेपणी रडलो तोही त्याच वाक्यावर.

त्या पत्रावर लाल शाई चालवायला हवी होती, असे मला आजही वाटत नाही. शोक हा काही स्वाध्याय नव्हे. परंतु परत आल्यावर मंगळवार होते, शुक्रवार होते. मी ती चूक एकदाही काढली नाही. मी तिला औदार्य म्हणत होतो.

गेल्या गणेशोत्सवात एका मराठी कुटुंबाकडे जमलेल्या पंधरावीस मंडळींपुढे माझे मित्र सप्र्यांवर मराठीतून बोलले. तयारी उत्तम होती. “माधवरावांनी हिंदी समाजाला जी शिक्षा दिली,” असे ते म्हणाले, आणि सारी खोली हसली. तेही क्षणभर हसले, का ते न कळता. परतताना मदनमहालच्या रस्त्यावर त्यांनी मला विचारले, मी सांगितले. त्यांना लगेच ते पत्र आठवले. “तुम्हाला तेव्हाच माहीत होते?” मी म्हणालो, दुखवायचे नव्हते. त्यावर ते मराठी सोडून हिंदीत एवढेच बोलले, “आपने हमें मेहमान बना दिया, भैया.”

पुढचे दोन मंगळवार ते आले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी वही घेऊन आले आणि म्हणाले, ते पत्र आणा. मी घरून आणले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले, पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. “बाबूजी मास्तर होते ना? मग बरोबरच लिहिले आहे,” म्हणाले, आणि संसार, चेष्टा, कौतुक यांसारखे आणखी किती शब्द दोन्हीकडे वेगळे निघतात त्याची यादी करायला त्यांनी मला बसवले. यादी अजून चालू आहे.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. त्या दिवशी खोली इतक्या चटकन हसली, त्याला कारण होते. पत्रातले ते वाक्य त्या मंडळींनी आधीच ऐकलेले होते. फराळाच्या बैठकीत, गंमत म्हणून, मीच ते दोनतीनदा सांगितले होते. म्हणजे मी चूक पोटात घातली होती ती फक्त त्यांच्यापुरती. इतरत्र ती मी वाटत फिरलो होतो. औदार्य हा शब्दही मी चुकीच्या अर्थानेच वापरत होतो, आणि तो दुरुस्त करणारे कोणी समोर नव्हते.

हा अंक दरवेळी माझ्याकडून त्यांच्या घरी जातो. आता ते मराठी मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, कोणाला न विचारता.