डिस्क झीरो

इचलकरंजीत, मागांचा खडखडाट दिवसभर कानावर पडेल अशा एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. हाताखाली दोन पोरं, थोरला आणि धाकटा. सख्खे भाऊ नव्हेत, पण कामावर लागले त्या क्रमानं ही नावं चिकटली. थोरल्याच्या हाताला वेग होता. धाकटा संथ, स्क्रीनवर आलेली ओळ शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बोट हलवायचा नाही, आणि त्यावरून थोरल्याची बोलणी खायचा.

२०२५ चा ऑक्टोबर. १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला, दिवाळी तोंडावर होती, आणि जो तो मशीन उचलून ‘अकरा टाकून द्या’ म्हणत दुकानात येत होता. सकाळी एका वकीलसाहेबांचं काम आलं. जुनी एसएसडी नव्या मशीनमध्ये बसवायची होती. ‘यातलं काही नको, सगळं पुसा,’ असं साहेबांनी समोर उभं राहून सांगितलं. थोरल्यानं इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडली. डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क झीरो, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. अर्ध्या मिनिटात एसएसडी तयार. काम अगदी बरोबर झालं होतं.

दुपारी एका निवृत्त गुरुजींचा डेस्कटॉप टेबलावर आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, त्या काळात गुरुजी गावोगावच्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेत. मशीन ठेवताना त्यांनी एवढंच सांगितलं, “सी उडवा खुशाल, माझं सगळं डी मध्ये आहे.” आणि ते बाजाराला गेले.

धाकट्यानं पेन ड्राइव्ह लावला, सी निवडला, तर सेटअप अडून बसला. या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा पार्टिशन तक्ता आहे, ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं, अशा अर्थाचा निरोप आला.

“अरे, सकाळचंच की हे,” थोरला पलीकडून म्हणाला. “क्लीन कर, कन्व्हर्ट कर, मोकळा हो.”

धाकट्यानं काळी खिडकी उघडली आणि आधी डिस्कची यादी मागवली. पेन ड्राइव्ह सोडला तर एकच ओळ आली. डिस्क झीरो, ९३१ जीबी. जीपीटीच्या रकान्यात चांदणी नाही.

“दादा, गुरुजी म्हणाले सी उडवा. हे तर डिस्क म्हणतंय.”

“मग?”

“सी दोनशे जीबीचा आहे. ही नऊशे एकतीसची. मग यात डी पण आला की.”

थोरला हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून उठला आणि त्याच्या मागं येऊन उभा राहिला.

इथं जरा थांबायला हवं, कारण या जागी घरोघरी नुकसान होतं. कितीतरी वर्षं आपल्याला एकच शिकवण मिळाली: महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, विंडोज बिघडलं तर सी फॉरमॅट होईल, डी सुखरूप राहील. ती खोटी नव्हती. पण सी आणि डी हे बहुतेकदा एकाच डिस्कचे तुकडे असतात, आणि ते कुठं सुरू होतात, कुठं संपतात हे लिहून ठेवायची पद्धत मात्र अख्ख्या डिस्कची एकच असते. एकाच डिस्कवर सी जीपीटी आणि डी एमबीआर, असं होत नाही. म्हणून सेटअप जेव्हा पद्धत बदला म्हणतो, तेव्हा तो सीबद्दल बोलत नसतो. आणि डिस्कपार्टमधली क्लीन ही आज्ञा ‘नक्की का?’ असं एकदाही विचारत नाही. एंटर दाबलं की तक्ता गेला.

अण्णा चहा घेऊन आले. पोरांचे चेहरे बघून त्यांनी स्टूल ओढलं.

“जमिनीचा सातबारा बघितलाय न्हवं? डिस्कचा पण असतो,” ते म्हणाले. “कुठला तुकडा कुठनं कुठवर, एवढंच त्यात. तू क्लीन केलंस की सातबारा कोरा. पीक रानात उभंच असतं, पण कुणाचं आणि कुठवर ते कुणाला सांगता येत नाही. तवर शोधून काढता येतं, टेस्टडिस्कसारखी साधनं आहेत. पण तू लगेच त्यावर नवं विंडोज पेरणार. मग काय शोधणार?”

“पण अण्णा, एमबीआर ठेवून अकरा बसणार नाही,” थोरला म्हणाला. त्याचं हे म्हणणं खरं होतं.

एमबीआर ही पद्धत १९८३ ची. आयबीएमचा पीसी एक्सटी दहा एमबीच्या हार्ड डिस्कसह आला, त्याच्याबरोबरच्या डॉस २.० मधली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतले ६४ बाइट या तक्त्याला मिळाले. सोळा-सोळा बाइटांच्या चार ओळी, म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. जागेचा आकडा ३२ बिटांत लिहायचा, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरची डिस्क दोन टीबीच्या पुढं त्यात मावत नाही. दहा एमबीच्या काळात दोन टीबी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांना मी तरी नावं ठेवणार नाही. चाळीस वर्षं टिकणारं काम फार थोड्यांच्या हातून होतं. जीपीटी त्यानंतर बायोसची जागा घेणाऱ्या ईएफआयबरोबर आली. तिच्यात आकडा ६४ बिटांचा, विंडोजमध्ये १२८ पार्टिशनांची सोय, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली. शिवाय तपासणीची बेरीज, म्हणजे तक्ता खराब झाला तर मशीनला ते कळतं. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, आणि यूईएफआयमध्ये ते सुरू होतं जीपीटी डिस्कवरूनच. गुरुजींचं मशीन पुरेसं नवं होतं. ज्यानं जोडून दिलं त्यानं जुन्या सवयीनं लेगसी मोडमध्ये विंडोज टाकलं होतं, एवढंच.

“जीपीटी करायचंच आहे,” अण्णा म्हणाले. “पण पुसूनच करायचं असं कुणी सांगितलं? आणि गुरुजींना विचारल्याबिगर त्यांच्या डिस्कला हात लावायचा नाही. फोन लाव.”

गुरुजी पिशव्या घेऊनच परत आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “दुसरी प्रत नाही हो कुठं,” ते म्हणाले. “त्यातल्या बऱ्याच जणी आता हयात नाहीत.”

अण्णांनी त्यांना एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्यायला लावली. जुन्या विंडोजमध्येच मशीन चालू करून धाकट्यानं डी तिच्यावर उतरवून घेतला. ते संपायला संध्याकाळ झाली. थोरला हार्ड डिस्क काढायला गेला, तर अण्णा म्हणाले, “वाजवून बघ.” थोरल्यानं ती दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावली आणि मधली एक फाइल उघडली. आधी जात्याची घरघर आली, मग एक म्हातारा, किनरा आवाज, मध्येच कोंबडं आरवलं. गुरुजींनी त्या बाईचं गाव सांगितलं. थोरल्यानं आणखी चार-पाच फायली इकडून तिकडून उघडल्या. सगळ्या वाजल्या, तेव्हा अण्णांनी मान हलवली.

मग धाकट्यानं एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचं स्वतःचं साधन वापरलं. २०१७ पासून ते विंडोज १० मध्येच मिळतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशनं नसली, त्यांत एक्स्टेंडेड नसलं, तर ते माहिती न पुसता तक्ता बदलून देतं. गुरुजींच्या डिस्कवर तीनच होती. आधी व्हॅलिडेट लावून तपासलं, मग कन्व्हर्ट. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन लेगसी मोड बंद करून यूईएफआय चालू करावा लागतो, नाहीतर मशीन उठत नाही आणि माणूस घाबरतो. ते थोरल्यानं केलं. विंडोज १० नव्या तक्त्यावर सुरू झालं, डी जिथल्या तिथं होता, आणि त्यावरूनच अकराचं अपग्रेड लावून ते सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एका कारखानदाराचं मशीन आलं. कापडाच्या डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर, मागं प्रिंटरच्या पोर्टला लावलेला डोंगल, ३२ बिटांचं विंडोज ७. हार्ड डिस्क मेली होती, तेच विंडोज नव्या डिस्कवर हवं होतं. इंटरनेट त्याला जोडलेलं नव्हतं आणि जोडायचंही नव्हतं.

धाकटा म्हणाला, “जीपीटी करू ना?”

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं कव्हर उघडून बोर्डाचा नंबर वाचला, बायोसमध्ये जाऊन सगळी पानं पाहिली. यूईएफआय कुठंच नव्हतं. मग डिस्कचं लेबल पाहिलं, ५०० जीबी. मग कारखानदाराला फोन करून विचारलं, जुन्या डिस्कमधली डिझाइनं दुसरीकडं कुठं आहेत का. ती दुसऱ्या मशीनवर होती.

“एमबीआर,” तो म्हणाला. “याला जीपीटी दिलं तर हे सुरूच होणार नाही.”

अण्णा काउंटरवर बिलं लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. तसं करण्याची गरज उरली नव्हती.

तुमच्या घरी अजून विंडोज १० चालत असेल, तर मशीन दुकानात नेण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. विंडोजच्या बटणाबरोबर आर दाबून एमएसइन्फो३२ लिहा. बायोस मोडपुढं लेगसी आहे की यूईएफआय ते दिसेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क झीरोच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हॉल्यूम्सखाली पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. आणि आईवडिलांचे आवाज, मुलांचे फोटो, जे काही पुन्हा मिळणार नाही ते डी मध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि चार फायली उघडून बघा.