देव एकच, मग नावे तीन का?

शास्त्रपाठ : मत्तय 3:13-17, 28:19, इफिस 2:18



बाजारच्या दिवशी एका गावच्या चावडीपुढे आमच्या एका उपदेशक बंधूस लोकांनी अडविले. "आमचे पुष्कळ देव सोडा असे तुम्ही सांगता, आणि स्वतः मात्र तिघांस भजता, हे कसे?" असे त्यांनी विचारिले. बंधूने बेलाचे पान दाखविले : देठ एक, दले तीन. तेव्हा लोक हसून म्हणाले, "अहो, हे तर आमच्या महादेवाचे पान!" बाप्तिस्म्यास तयार झालेले एक कुटुंब त्या दिवसापासून मागे सरले. दोष त्या बंधूचा नव्हे, आमचा होय. कारण तो दाखला आम्हीच त्यास शिकविला होता.

पानाचे एक दल गळले तरी दोन उरतात. देव असा तुकड्यांचा नव्हे. कोणी गार, पाणी व वाफ यांचा दाखला देतात. परंतु तेच पाणी एक रूप टाकून दुसरे घेते. यार्देन नदीवर तसे घडले नाही. पुत्र पाण्यातून वर आला, आत्मा कबुतरासारखा त्याजवर उतरला, व पित्याची वाणी आकाशातून झाली. हे सर्व एकाच घटकेस. पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे. तरी देव एकच. परमेश्वर एकच आहे, हा मोशेचा धडा प्रभूने मोडिला नाही, तर सर्व आज्ञांत पहिला गणिला (मार्क 12:29). बाप्तिस्म्याची आज्ञा देताना त्याने तिघांचा उल्लेख केला, परंतु "नाव" हा शब्द एकवचनीच ठेविला.

"त्रैक्य" हा शब्द शास्त्रात आढळत नाही, हे आपण मोकळेपणाने कबूल करावे. मात्र त्या शब्दाने जे राखिले आहे, ते शास्त्राचेच आहे. आलेक्सांद्रियाचा आरियस असे शिकवी की पुत्र हा निर्माण केलेला आहे. इ. स. 325 साली निकिया येथे जमलेल्या मंडळीच्या अध्यक्षांनी ते मत नाकारिले. हा केवळ पंडितांचा शब्दवाद नव्हता. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर वधस्तंभावर देव स्वतः आला नाही. त्याने दुसऱ्या कोणास पुढे केले, असे होईल. सावकाराने कारकून पाठवून निरोप देणे वेगळे, आणि स्वतः दारी येऊन आमचे कर्ज आपल्या शिरी घेणे वेगळे!

एके रात्री आम्ही एका झोपडीच्या दाराशी थांबलो. आत एक निरक्षर आजी आजारी नातवाच्या उशाशी प्रार्थना करीत होती. ती "बापा" अशी हाक मारी, येशूच्या नावाने मागे, आणि शब्द सरले म्हणजे नुसती कण्हत बसे. आम्हांस प्रार्थना कशी करावी हे कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आमच्यासाठी विनंती करितो, असे पौल रोमकरांस लिहितो (8:26). त्या आजीस त्रैक्याचे नावही ठाऊक नव्हते. तरी पुत्राच्या द्वारे, एका आत्म्याच्या योगे, ती पित्याजवळ पोहोचली होती. सेमिनरीत जे आम्ही पाठ केले, ते तिच्या गुडघ्यांस माहीत होते.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, चावडीवर कोणी विचारील तर पान दाखवू नका. इतकेच सांगा : ज्याने पाठविले तो देव, जो आला तो देव, जो आमच्या अंतःकरणात राहतो तोही देव, आणि देव एकच. हे कसे, असे पुन्हा विचारतील, तर नम्रपणे म्हणा की ज्याने आम्हांस घडविले त्यास आमच्या मापाने मोजिता येत नाही. परंतु त्यास हाक मारिता येते, आणि तो ऐकतो.

त्या मागे सरलेल्या कुटुंबाच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. यावेळी त्यांस दाखला देणार नाही. त्यांच्याबरोबर प्रार्थनेस बसू. आपणही त्यांची आठवण देवापुढे करावी.

प्रभु येशूची कृपा, पित्याची प्रीती व पवित्र आत्म्याची संगत आपणा सर्वांबरोबर असो. आमेन.