खाटेचे चार कोपरे



बारा वर्षे रक्तस्रावाने त्रस्त असलेल्या स्त्रीची गोष्ट आपण संत मार्कच्या शुभवर्तमानात अनेकदा ऐकली आहे. तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली, एवढे आपल्याला पाठ असते. पण तिची ओळख करून देताना मार्क आणखी एक गोष्ट नोंदवतो. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळ होते-नव्हते ते सारे खर्च केले आणि गुण न येता दुखणे वाढतच गेले. म्हणजे प्रभूकडे आली तेव्हा ती आजारी तर होतीच, शिवाय कफल्लकही झाली होती. शुभवर्तमानाने तिच्या रिकाम्या गाठीचीही दखल घेतली. आपण अशी दखल घेतो का?

फेब्रुवारी महिन्यात दोन दिवस येतात. ११ तारखेला ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली तो सुरू केला. महिन्याचा शेवटचा दिवस २००८ सालापासून दुर्मिळ आजार दिन म्हणून पाळला जातो. गोशे, पॉम्पे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, हिमोफिलिया ही अशा काही आजारांची नावे. एकेक आजार दुर्मिळ, पण प्रकार सात हजारांहून अधिक. त्यांतले बहुसंख्य जन्मतःच रक्तात आलेले, म्हणजे आनुवंशिक. खात्रीचे औषध आहे ते शंभरात पाचांनाही नाही. आणि जिथे आहे तिथे ते बहुधा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे.

हे सारे आम्हांला आधीपासून ठाऊक होते असे नाही. आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने ते आम्हांला शिकवले. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, सांगतो.

मुलाचे पोट वाढत होते, अंगात रक्त टिकत नव्हते. वडील रिक्षा चालवतात. दोन-तीन दवाखाने झाले, मग तपासण्या, मग गोशे हे नाव. आईचे दागिने गहाण पडले. आम्ही काय केले? मिस्सेत प्रार्थना केली, एका रविवारी खास वर्गणी काढली, पाकीट घरी नेऊन दिले आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. सुमारे वर्षभराने त्या माउलीने आम्हांला विचारले, “फादर, परळच्या केईएममध्ये सरकारी मदत मिळते म्हणतात, खरे का?” तिला ते रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळले होते. आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, मंत्रालयात नोकरी करणारे आहेत. आमच्या हाताशी टेलिफोन होता. तरी त्या वर्षभरात आम्हांपैकी कोणीही एक साधी चौकशी केली नाही. त्या मुलाचे ते वर्ष गेले. ते परत आणता येत नाही.

तेव्हापासून कफर्णहूमच्या त्या चार माणसांचा उतारा आम्ही वेगळ्या नजरेने वाचतो. पक्षाघाती माणसाला त्यांनी खाटेवर घालून आणले. दारात गर्दी. ते परत गेले नाहीत, दारात बसून रडलेही नाहीत. त्यांनी छपरावर जायची वाट शोधली. प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. वाट शोधणे हाही विश्वासच. आणि खाटेला चार कोपरे असतात. एकट्याने ती उचलली तर रुग्णच खाली पडतो.

पहिला कोपरा योग्य दाराचा. केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणले. त्यानुसार देशातील काही मोठ्या रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रे म्हणून नेमले आहे. मुंबईत ते केंद्र म्हणजे परळचे केईएम रुग्णालय. धोरणात समाविष्ट आजारांसाठी, अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णाला, ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ही मर्यादा २०२२ साली वाढवण्यात आली. पैसे कुटुंबाच्या हाती येत नाहीत, केंद्राकडे येतात. म्हणून पहिले काम तिथे नाव नोंदवण्याचे. सध्याचे डॉक्टर चांगले असले तरी त्यांच्याकडून तिथे जाण्यासाठी चिठ्ठी मागण्यात त्यांचा अपमान नाही.

दुसरा कोपरा कागदांचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार कार्ड, तपासणीचे अहवाल आणि रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, यांच्या प्रती एका पिशवीत कायम तयार हव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री साहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी ही दारे याच कागदांनी उघडतात. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पंतप्रधान निधीतून आधीच झालेला खर्च भरून मिळत नाही. म्हणून कर्ज काढण्याअगोदर अर्ज करावा, नंतर नव्हे. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी यांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. या रुग्णांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. पुढील अनेक सवलती त्यावरच अवलंबून असतात. औषध परदेशातून स्वतःसाठी मागवावे लागले, तर धोरणातील आजारांसाठी एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. मात्र त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

तिसरा कोपरा धर्मादायाचा. आपल्या राज्यात जी मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. चकचकीत इमारत पाहून आपला माणूस आत जायला कचरतो. त्याने आत जावे आणि वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारावी. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. याखेरीज अनेक आजारांच्या रुग्णांच्या व पालकांच्या संघटना आहेत. ज्या आईने हीच वाट आधी तुडवली आहे, ती दहा अधिकाऱ्यांपेक्षा अधिक चांगले मार्गदर्शन करते.

चौथा कोपरा आपला, धर्मग्रामाचा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या तरुण मित्रांनी संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या नावाने जे कार्य उभे राहिले त्याचा आरंभ केला, तो गरिबांच्या घरी जाऊन. पाकीट पाठवून देणे आणि घरी जाणे यांत फरक आहे. घरी गेल्यावरच कळते की वडील दर पंधरवड्याला मुलाला सलाईनसाठी परळला नेतात, त्या दिवशी रिक्षा बंद असते आणि धाकटीला शाळेतून आणायला कोणी नसते. घरी गेल्यावरच कळते की नातलग त्या आईलाच दोष देतात. शास्त्र सांगते की गोशेसारख्या आजारात सदोष गुणसूत्राचा अंश आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो, आणि दोघेही स्वतः निरोगी असतात. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे? याचे नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे प्रभूने त्यांना स्वच्छ सांगितले. आपण तो प्रश्न पुन्हा विचारू नये.

एक शंका आम्हांला अनेकांनी बोलून दाखवली आहे. २०२१ साली मुंबईतील एका बालिकेसाठी लोकांनी सुमारे १६ कोटी रुपये जमवले. एका जिवासाठी एवढा पैसा? तेवढ्यात किती कुपोषित मुले जगली असती? प्रश्न प्रामाणिक आहे आणि सरकारला तो टाळता येणार नाही. तिजोरी सर्वांची असते. परंतु आपण या प्रश्नाचा उपयोग कशासाठी करतो ते तपासावे. आपल्याकडे १६ कोटी कोणी मागितलेले नाहीत. आपल्याकडे मागितला आहे तो एक अर्ज लिहून देण्याचा तास, परळपर्यंतची सोबत, महिन्याचा रिक्षाचा हप्ता. मोठ्या हिशोबाच्या आड लपून लहान कर्तव्य चुकवता येत नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की आपल्या गरजेपलीकडे जे आपल्यापाशी आहे, त्यावर निसर्गनियमानेच गरजूंचा हक्क आहे. मग ते पैसे असोत, वेळ असो की सरकारी कचेरीतील ओळख असो.

आणि किंमत ही काही आकाशातून पडलेली नसते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीवरील रिस्डिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात जात असे. न्यायालयीन लढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपनीने तेच औषध सुमारे १६ हजारांत बाजारात आणले. रुग्ण आणि पालक वर्षानुवर्षे मागणी करत राहिले. छप्पर उघडता येते, ते असे.

तरीही खरे बोलले पाहिजे. बहुतेक दुर्मिळ आजारांना आज औषध नाही. तिथे सर्व दारे उघडूनही मूल बरे होणार नाही. तेव्हा खाट खाली ठेवून घरी जायचे का? प्रभूने कालवारीच्या वाटेवर आपल्या आईला परत पाठवले नाही. ती काही बदलू शकत नव्हती, तरी क्रुसाखाली उभी राहिली. आपणही तसे उभे राहू शकतो.

या प्रायश्चित्तकाळात आम्ही एवढेच ठरवले आहे. दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्राम कार्यालयात दोन जण बसतील, एक वैद्यकीय क्षेत्रातील आणि एक कागदपत्रे जाणणारा. ज्यांच्या घरी दीर्घ किंवा न उमगलेला आजार आहे त्यांनी यावे. गोष्ट चार भिंतींत राहील. ज्यांना बसायचे आहे त्यांनी आपले नाव द्यावे. उपवासाच्या पैशांतून जमेल ती रक्कम प्रवासखर्चासाठी वापरू आणि तिचा हिशोब फलकावर लावू.

तो मुलगा आता शाळेत जातो, आणि दर पंधरवड्याला परळलाही जातो. गेल्या महिन्यात त्याने आम्हांला विचारले, “फादर, त्या छपराचे पैसे कोणी भरले?” शुभवर्तमानात ते लिहिलेले नाही. पण घरमालक तक्रार करताना कुठे दिसत नाही. प्रभू आपल्या घरी आहे, याचा त्याला आनंद झाला असावा.

त्या घरमालकाचे मन प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपले,
धर्मग्रामाचे धर्मगुरू