लहान नावेचा जमाखर्च

संसाराचा पसारा वाढला की मनुष्याच्या मनात एक विचार डोकावतो: घर, भाडे, कर ही सर्व बंधने टाकून एखाद्या लहानशा नावेत राहिले, तर किती अल्प खर्चात जगता येईल! आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील लोकांस तर हा विचार विशेष गोड वाटावा. भीमेवरची वा मांजरेवरची नाव आपण पैलतीरी जाण्यापुरती जाणतो. तीत संसार मांडण्याचा प्रसंग आपणांवर येत नाही. परंतु थोड्या वस्तूंनिशी जगणे म्हणजे थोड्या मोलात जगणे होय काय?

नावेत जागा थोडी, म्हणून वस्तू थोड्या, हे खरे. तथापि घराचे छप्पर गळू लागले तर गृहस्थ खाली भांडे ठेवून निजू शकतो. समुद्रातील नावेत पाणी शिरू लागले तर निजता येत नाही. खाऱ्या हवेने दोर, शीड व लोखंड झिजते. तळास शिंपले चिकटतात. ते खरवडण्यासाठी नाव कोरड्यावर काढावी लागते. गोडे पाणी मोजून प्यावे लागते. जे द्रव्यात वाचले, ते जागरणात व सावधपणात भरावे लागते.

हा दिसणारा खर्च झाला. न दिसणारा याहून मोठा आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. परंतु ती नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात अनेक हातांनी घडविली होती. २०१८ च्या सप्टेंबरात अभिलाष टॉमी हे आपल्या ‘थुरिया’ या लहान नौकेत वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास इजा होऊन ते अंथरुणास खिळले. तेव्हा भारतीय नौदलाचे विमान त्यांच्या शोधार्थ गेले. स्वतःची डोलकाठी मोडलेला एक आयरिश प्रतिस्पर्धीही त्यांच्या दिशेने निघाला. आणि शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांस उचलले. एकट्याच्या नावेचा भार त्या वेळी किती परक्यांनी वाहिला!

मग अशा वाटेस जाऊच नये काय? तसे नव्हे. टॉमी २०२२ साली पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले व २०२३ साली दुसरे आले. साहसात दोष नाही. ‘मी कोणाचे काही लागत नाही’ या समजुतीत आहे. वस्तू कमी करणे आपल्या हाती असते. ऋण मात्र वस्तूंबरोबर कमी होत नाही. पुण्यास वा हैदराबादेस एका खोलीत राहून ‘माझा खर्च मीच भागवितो’ असे म्हणणाऱ्या आपल्या मुलांची खोलीही अशीच एक लहान नाव आहे. आजारपणात रात्री दार ठोठावून औषध आणून देणारा शेजारी आणि घरी पत्राची वा फोनची वाट पाहणारी आई यांची नोंद त्यांच्या वहीत सापडत नाही. अपरिग्रहाचे व्रत घेणाऱ्याने आपला जमाखर्च लिहिताना ही बाजूही प्रामाणिकपणे मांडावी.